दाढीवाल्या साहेबांचा खलाशी

सिडनीच्या विमानतळावर मला पकडलं ते एका कुत्र्याने.

परत आल्यापासून ही हकीकत मी आठ-दहा जणांना सांगितली आहे, आणि दर वेळी कुत्रा थोडा मोठा झाला आहे. म्हणून इथे एकदाचं लिहून टाकतो: कुत्रा लहान होता, त्याचे कान लोंबत होते आणि तो भुंकलासुद्धा नाही. माझ्या बॅगेपाशी आला, हुंगलं आणि शांतपणे खाली बसला. तिथे कुत्रा बसला की माणसाने उभं राहायचं असतं.

बॅगेत आंबापोळी होती. धाकट्या बहिणीसाठी, शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळवलेली, दोन साड्यांच्या घडीत नीट दडवलेली. विमानात भरून घेतलेल्या कागदावर 'खाण्याचे पदार्थ आहेत का?' या प्रश्नापुढे मी बिनदिक्कत 'नाही'वर फुली मारली होती. पुण्यात तीन अनुभवी माणसांनी बजावलं होतं, "सगळ्याला 'नाही' म्हण, नाहीतर अडकशील." सरकारी कागदावर खरं लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडे भोळा म्हणतात, आणि भोळा म्हणवून घेण्यापेक्षा आपण अडकणं पत्करतो.

वेणी घातलेल्या एका धिप्पाड बाईंनी पोळी स्टीलच्या टेबलावर उलगडली. मी वीस वर्षं रंगमंचावर मुरवलेला करुण चेहरा काढला आणि म्हणालो, "माझ्या आईने दिलीय."

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली.

बाई म्हणाल्या, "कागदावर खरं लिहिलं असतं, तर तपासून बहुतेक नेऊ दिली असती. लपवलीत, म्हणून आता टाकावी लागेल." आणि टाकली. हातात ताकीद दिल्याचा एक कागद ठेवला. मागे रांगेत उभं असलेलं एक मराठी जोडपं घाईघाईने आपल्या कागदावरची खाडाखोड करत होतं, तेवढाच माझा समाजाला उपयोग.

वॉलॉंगॉंग

माझी बहीण वृंदा वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि मेव्हणा मिलिंद पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर. गाव मोठं देखणं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडीने भरलेला उभा कडा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं अनवाणी हिंडत असतात. अनवाणी म्हणजे देवळात नव्हे, सुपरमार्केटमध्ये. मी पहिल्या दिवशी दाराशी चपला काढणार होतो, वृंदाने दंड धरून आत ओढलं. "दादा, इथे तसं काही नसतं. त्यांना फक्त बूट आवडत नाहीत."

मला ऑस्ट्रेलियात बोलावलं होतं सिडनीतल्या पॅरामॅटाच्या मराठी मंडळींनी, कार्यक्रमासाठी. माझ्या कार्यक्रमाचं नाव 'साहेबांच्या गोष्टी'. ब्रिटिश शास्त्रज्ञ, संशोधक, दर्यावर्दी यांच्या कथा मी दोन तास उभ्याने सांगतो. माझा एक नियम आहे: नावं घ्यायची नाहीत. मी 'सफरचंदवाले' म्हणतो, 'किटलीवाले' म्हणतो, 'गाईच्या फोडातून लस काढणारे डॉक्टर' म्हणतो, आणि नाव प्रेक्षकांनी ओरडायचं. पोरं छप्पर उडवतात. तोच नियम इथेही पाळतो, तुम्ही मनात ओरडा.

या सगळ्यांत माझं हुकमी पान म्हणजे दाढीवाले साहेब. माणूस आणि माकड यांचं नातं सांगून ज्यांनी जगाची झोप उडवली ते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला त्यांच्या नावाचं शहरच आहे, आणि तरुणपणी, दाढी यायच्या आधी, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या जहाजातून ते सिडनीलाही उतरले होते. इथपर्यंत सगळं खरं.

पुढे मी सांगतो की त्या जहाजावर बाबाजी नावाचा एक कोकणी खलाशी होता, मुक्काम दाभोळ. साहेब डेकवर पक्ष्यांच्या चोची मांडून डोकं खाजवत बसलेले. बाबाजी दोर वळता वळता म्हणतो, "सायबानू, हापूस नि रायवळ, दोघंय एकाच आजीची नातवंडां. एकाक बागेत वाढवलां, एकाक रानात सोडलां." साहेबांच्या हातातली चोच गळून पडते. शांतता. आणि मग मी सांगतो की साहेबांचा ग्रंथ जगभर गाजला तेव्हा बाबाजी दर्यात कुठे बुडाला कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे माझा आवाज फुटतो. पहिल्या रांगेतल्या बायका पदर शोधतात.

बाबाजी कधीच नव्हता. तो मी चिपळूणच्या एका शाळेत, उभ्या उभ्या जन्माला घातला. दुपारची वेळ, पोरं पेंगत होती, चोचींमध्ये कुणाला रस नव्हता. बाबाजी डेकवर आला आणि सगळी पोरं ताठ बसली. कार्यक्रमानंतर मुख्याध्यापक ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "आमच्या कोकणातला होता हो तो!" त्या क्षणी "नाही" म्हणायला हवं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि मान हलवली. पुढच्या वर्षी बाबाजीला बायको दिली, त्यानंतर तिची नथ. सफरचंद तरी कुठे त्या सफरचंदवाल्यांच्या टाळक्यावर पडलं होतं, असं स्वतःला समजावत राहिलो.

वॉलॉंगॉंगला जेवताना मी कुत्र्याची गोष्ट सांगितली. कुत्रे तीन झाले, बाईंनी पिस्तुलाला हात घातला. फक्त बाईंचं 'खरं लिहिलं असतं, तर नेऊ दिली असती' हे वाक्य तेवढं जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात वाढवण्यासारखं काही सापडेना. माझी भाची इरा हसून हसून ताटावर वाकली. इरा सोळा वर्षांची आहे, मराठी समजतं सगळं, उत्तरं निम्मी इंग्रजीत. हसणं संपल्यावर म्हणाली, "मामा, कम. तुला काहीतरी दाखवायचंय."

तिच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता. जहाजाच्या मार्गावर लाल दोरा. सिडनीजवळ एक टाचणी, आणि टाचणीला स्वतः काढलेलं चित्र: डोक्याला फडकं, हातात दोर, बारीक डोळे. खाली लिहिलं होतं, 'बाबाजी'.

"हा माझा रिसर्च प्रोजेक्ट. इयरचा सगळ्यात मोठा. ग्रेट सायंटिस्ट्सच्या मागचे लोक, ज्यांना कोणी क्रेडिट दिलं नाही. मी लहानपणी तुझा व्हिडिओ शंभरदा पाहिलाय. नाऊ, मला फक्त सोर्स हवाय."

"सोर्स?"

"तू कुठे वाचलंस ते. आमच्या सरांनी सांगितलंय, सोर्स नसेल तर बाबाजी नाही." ती पलंगावर बसली आणि एकदम घाईघाईने बोलायला लागली. "ॲक्चुअली, त्यावरून वर्गात भांडण झालं. मी सगळ्यांसमोर सरांना म्हटलं, की तुम्हाला त्या जहाजावर ब्राऊन माणूस नकोच आहे, म्हणून सोर्स मागता. गोरा असता तर विचारलं नसतं."

"मग?"

"ते रागावले नाहीत. नुसते लाल झाले. म्हणाले, सोमवारपर्यंत आण."

बोलायची हीच वेळ होती. भिंतीवरून बाबाजी माझ्याकडे बघत होता. मी घसा खाकरला, आणि वीस वर्षांची सवय माझ्या आधी बोलली.

"रत्नागिरीत एका ओळखीच्यांकडे हस्तलिखित रोजनिशी होती," मी म्हणालो. "मोडी लिपीत. आता कुठे आहे, शोधावं लागेल."

इराने मला मिठी मारली. "आय न्यू इट!"

सिडनी

शुक्रवारी ती शाळेतून परवानगी काढून मला सिडनीच्या मोठ्या ग्रंथालयात घेऊन गेली. वॉलॉंगॉंगहून गाडी समुद्राला खेटून जाते. खाली लाटा, वर रान, मधूनच बोगदा. डब्यात इतकी शांतता की मी वृंदाने दिलेल्या थालीपिठाचा डबा उघडला त्याचासुद्धा आवाज झाला. समोरच्या तरुणाने वास घेऊन "स्मेल्स अनरियल, मेट" म्हटलं. मी अर्धं पुढे केलं, त्याने "नो वरीज" म्हणत निमूट खाल्लं आणि सर्फिंगची फळी उचलून मधल्याच स्टेशनवर उतरून गेला. एरवी या प्रसंगाचं मी काय केलं असतं! पण इरा शेजारी वहीत प्रश्न लिहीत होती: 'बाबाजी सिडनीत उतरला का? किती दिवस?' मी उरलेलं थालीपीठ डब्यात परत ठेवलं.

ग्रंथालयात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मार्गारेट नावाच्या सत्तरीच्या बाई आमच्या मदतीला आल्या. पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा दोरीला. त्या सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, मलाही म्हणाल्या. इराने सगळी कथा सांगितली, हापूस आणि रायवळसकट. बाईंनी डोळे मिटून ऐकली.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण एक अडचण आहे, लव्ह. त्या जहाजावरचा माणूस न् माणूस अभ्यासकांनी शोधून काढलाय. त्यात बाबाजी नाही."

मी सुटकेचा श्वास घेतला. घ्यायला नको होता, कारण बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पण घाई नको. तो दुसऱ्या जहाजातून इथे आला असेल. बंदरात भेट झाली असेल. गोष्टी सांगताना लोक जहाजं बदलतात." मी बदलत नव्हतो, पण माझ्या वतीने त्या बदलायला तयार होत्या. माझ्या थापेला त्यांनी जितक्या वाटा करून दिल्या, तितक्या मलाही सुचल्या नसत्या.

तीन तास त्यांनी जुन्या जहाजांच्या याद्या पडद्यावर सरकवल्या. कप्तान: नाव, वय, गाव. सुतार: नाव, वय, गाव. स्वयंपाक्याच्या हाताखालच्या पोऱ्याचंही नाव, वय, गाव. आणि काही याद्यांच्या तळाशी एकच ओळ: 'लास्कर', आणि पुढे आकडा. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. नाव नाही, गाव नाही. जितकी डोकी, तितका आकडा.

"नावं का नाहीत?" इराने विचारलं.

"लिहावीशी वाटली नाहीत कुणाला," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

इराने पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. "मामा, यातला एक असू शकतो. राइट?"

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत, काही चोरूनसुद्धा. पण तिच्या त्या बोटाकडे बघताना मला प्रथमच कळलं की मी काय चोरलं होतं. खरी माणसं होती. दोर ओढणारी, समुद्रात बुडणारी, कुणाला तरी वाट बघायला लावणारी. त्यांच्यासाठी एक रिकामी जागा तरी शिल्लक होती, आणि तिथे मी माझा कापडी बाहुला नेऊन बसवला होता. वर त्याच्या नावाने रडूनही दाखवत होतो.

निघताना मार्गारेटबाईंनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "त्या रोजनिशीचा फोटो मिळाला तर पाठवा. मी तारखा जुळवून बघेन. सुट्टीच्या दिवशी मला दुसरं काय काम असतं?"

बाहेर बागेतल्या बाकावर आम्ही सँडविच घेऊन बसलो. तिथे लांब वाकड्या चोचीचा एक मळकट पांढरा पक्षी असतो, कचऱ्याच्या डब्यांवर, म्हणजे तिथल्या 'बिन'वर, जगतो. तो आला आणि माझ्या हातातलं अर्धं सँडविच घेऊन शांतपणे चालता झाला. इरा हसली. "बिन चिकन! मामा, तुझा चेहरा बघ!"

"इरा," मी म्हणालो, "बाबाजी नव्हता."

"कुठल्या जहाजावर?"

"कुठल्याच नाही. रोजनिशीही नाही. मी बनवला त्याला. चिपळूणला."

पक्षी सँडविच संपवून पुन्हा आला होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.

"सफरचंदाची गोष्टसुद्धा खरी नाही," मी म्हणालो. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात हलकट वाक्य असावं.

"सफरचंदाने कोणाची जागा घेतली नाही, मामा," ती म्हणाली. पूर्ण मराठीत. मग विचारलं, "व्हिडिओत तू शेवटी रडतोस. ते?"

"ते खरं असतं."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली आणि उठली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि मी पलीकडच्या बाकावर. एका बाजूला समुद्र होता, असं म्हणतात. मी पाहिला नाही.

पॅरामॅटा

शनिवारी कार्यक्रम. ऑफिसांच्या उंच इमारतींमधून ट्रॅम वळण घेत जाते, त्या रस्त्यावरचा एक हॉल. बाहेर बटाटेवड्यांचा घाणा पडलेला आणि "अरे, पार्किंग मिळालं का?" असा गजर. आयोजक शेखर बँकेत आयटीवाला. त्याने मला विंगेत गाठलं. "सर, बाबाजी पाहिजेच हां. लोक पोरांना घेऊन आलेत त्यासाठी. माझे बाबा तर पुण्याहून आलेत, त्यांना तोंडपाठ आहे."

"आज बाबाजीचं जरा वेगळं आहे," मी म्हणालो.

"वेगळं म्हणजे आणखी भारी ना?"

इरा आली होती. वृंदाने आणली असावी. ती शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती.

सफरचंदवाले झाले, किटलीवाले झाले, पोरांनी नावं ओरडून हॉल दणाणून सोडला. मग दाढीवाले साहेब डेकवर चोची मांडून बसले, आणि लोक खुर्चीत पुढे सरकले. मी दोन्ही हात पसरले आणि भरदार आवाजात म्हणालो, "रसिकहो, आज मी कबूल करतो. बाबाजी कधी नव्हताच! तो माझ्या थापेतून जन्मला!"

प्रचंड हशा. टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली. शेखर विंगेतून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होता.

त्यांना तो प्रयोगाचा भाग वाटला. वाटणारच! मी हात पसरले होते, आवाज लावला होता, थांबायच्या जागी थांबलो होतो. वीस वर्षांत मी खोटं इतकं चांगलं बोलायला शिकलो होतो की खरं बोलायला माझ्याकडे आवाजच उरला नव्हता. दाराशी इरा उठून उभी राहिली होती. जायला निघाली होती.

मी माईक खाली ठेवला आणि पायऱ्या उतरून खाली आलो. पुढचं मला नीट बोलता आलं नाही. अडखळलो. म्हणालो की खरंच नव्हता. की मी चिपळूणला सुरू केलं आणि थांबवलं नाही. की माझ्या भाचीने माझ्यावर विश्वास ठेवून तिच्या सरांवर नको तो आरोप केला. की काल एका यादीत खऱ्या माणसांच्या जागी मी नुसता आकडा पाहिला, आणि मला लाज वाटते. वाक्यं तुटक होती, एकही टाळीचं नव्हतं.

मग तिसऱ्या रांगेतून शेखरचे वडील काठी टेकत उठले.

"मी ही गोष्ट माझ्या नातवाला रोज सांगतो," ते म्हणाले. "आता त्याला काय सांगू?"

"मला माहीत नाही, काका," मी म्हणालो. माझं त्या दिवशीचं सगळ्यात खरं वाक्य ते होतं.

ते खाली बसले. कार्यक्रम तिथेच संपला. बटाटेवडे खाताना लोक माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलले. इरा गाडीत माझ्या शेजारी बसली. बोलली नाही, पण शेजारी बसली.

पुन्हा वॉलॉंगॉंग

सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेलो. सर पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि वर टाय. आधी इराने माफी मागितली, मग मी. दोन मिनिटांत सांगून संपलं. खरं सांगायला फार वेळ लागत नाही, हेही मला नव्यानेच कळत होतं.

सर इराला म्हणाले, "तू तसं म्हणालीस, तेव्हा घरी जाऊन मी स्वतःला विचारलं, खरंच तसं आहे का माझ्यात? आठवडाभर विचारत होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारणं वाईट नव्हतं. पण जरा जड गेलं."

सबंध प्रवासात माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही. विमानतळावरच्या बाई नाहीत, इरा नाही, सर नाहीत. आपल्याकडे दोन शिव्या घालून मोकळं करतात, तसं तिथे कुणी केलं नाही. लाज ज्याची त्याने उचलून घरी न्यायची.

सरांनी दोन आठवडे वाढवून दिले. त्या संध्याकाळी इराने भिंतीवरून बाबाजी काढला. मला वाटलं फाडेल, पण तिने तो वहीत ठेवला आणि टाचणीच्या जागी यादीतल्या त्या ओळीची प्रत लावली. मी मार्गारेटबाईंना पत्र लिहिलं, चार वेळा फाडून. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: 'कळवलंत ते बरं केलंत. आता इराला खऱ्यांकडे पाठवा.' या वेळी 'लव्ह' नव्हतं.

पुण्याला परतल्यावर दीड महिन्याने इराचा प्रोजेक्ट आला. विषय: साहेबांच्या जहाजांवरचे बिननावाचे लोक. सगळा वाचला, निम्मा डिक्शनरी घेऊन. शेवटी संदर्भांची यादी होती: ग्रंथालय, याद्या, पुस्तकं. आणि सगळ्यात खाली माझं नाव, 'मामा, तोंडी माहिती', आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरांत एक शब्द: 'अविश्वासार्ह'.

मी तिला फोन लावला. "अगं, सगळं छान आहे. पण तो शेवटचा शब्द... सर वाचणार, मार्गारेटबाई वाचणार. तेवढा गाळता आला नसता का?"

पलीकडे ती हसली. बागेतल्या त्या बाकानंतर पहिल्यांदाच.

"मामा," ती म्हणाली, "खरं लिहिलं, म्हणून तर तुला आत नेता आलं."